मागे जाऊन बघितलंस का?

स्क्रीनवर हिरवी खूण दिसली की कांबळे मॅडम खुर्चीत सावरून बसायच्या. फॉर्म भरून झाल्यावर येते ना ती, हिरव्या गोलात पांढरी बरोबरची खूण आणि खाली 'आपली नोंद झाली आहे'. आम्ही प्रोग्रामर लोक ती खूण दिसली की हात वर करून आळस द्यायचो. मॅडम चष्मा पुढे ओढायच्या.

"झालं म्हणून सांगतंय," त्या म्हणायच्या. "झालंय का?"

आणि बॅकचं बटण दाबायच्या.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पूर्वी तिथे औषधाच्या बाटल्यांची बुचं बनायची म्हणे. पावसाळ्यात भिंतीतून अजूनही प्लास्टिकचा वास यायचा. आम्ही वीस-पंचवीस जण दवाखाने, क्लासेस, ट्रस्ट अशांसाठी वेबसाइट बनवायचो. मॅडम टेस्टर होत्या. म्हणजे आम्ही बनवलेली गोष्ट लोकांच्या हातात जाण्याआधी तिच्यात कुठे काय बिघडतंय ते शोधणं हे त्यांचं काम. पन्नाशीच्या आसपास वय, बारीक चण, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा. मुलुंडहून यायच्या. नाव वनिता, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या आठवड्यात मला एक लॉगिनचं पान बनवायला दिलं होतं. बनवलं, मॅडमना माझ्या टेबलाशी बोलावलं आणि मोठ्या उत्साहाने दाखवलं. आत गेलो, माझं नाव, पत्ता, फोटो सगळं नीट दिसलं. बाहेर आलो. 'आपण बाहेर पडला आहात' असं आलं.

"उठ," त्या म्हणाल्या.

मी उठलो. त्या माझ्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी एकदाच बॅक दाबलं. स्क्रीनवर माझा फोटो, माझा पत्ता, माझा मोबाईल नंबर.

"हा कोण रे?"

"मीच."

"तू तर बाहेर पडलास ना? मग मी कोण आहे आता?"

मी सांगायला लागलो की ब्राउझर आधीचं पान आठवणीत ठेवतो, सर्व्हरला न विचारता तेच परत दाखवतो, तसं खरं म्हणजे आपण बाहेरच आहोत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तू त्या माणसाच्या शेजारी उभा राहून सांगणार आहेस का? सायबर कॅफेत? तिथे पुढचं गिऱ्हाईक येऊन बसतं. त्याला तुझ्या ब्राउझरचं काही माहीत नाही. त्याला तुझा पत्ता दिसतोय." मग पान मिटून त्या म्हणाल्या, "प्रत्येक पानावर मागे जाऊन बघायचं. मग माझ्याकडे यायचं. आधी नाही."

त्या दिवसापासून ऑफिसात कुणीही काहीही पूर्ण केलं की मागून आवाज यायचा, "मागे जाऊन बघितलंस का?" पुढे पुढे आम्ही पोरं एकमेकांनाही तेच विचारायला लागलो. कुणाचं लग्न ठरलं तरी.

मॅडमचा संशय फक्त स्क्रीनपुरता नव्हता. लिफ्टचं बटण दाबून दिवा लागला तरी त्या कान लावून दोरखंडाचा आवाज येतोय का ते ऐकायच्या. मीटिंगमध्ये कुणी "जवळजवळ झालंय" म्हणालं की लिहायचं थांबवून त्या माणसाकडे बघत राहायच्या. चहावाल्याने "बिनसाखरेचा" म्हणून दिलेला कप आधी बोटाने चाखायच्या. एकदा वाढदिवसाला आम्ही त्यांना घड्याळ दिलं. त्यांनी सगळ्यांसमोर ते कानाला लावलं आणि मग आभार मानले. वैताग यायचा. आमच्यातल्या एकाने तर त्यांच्या या स्वभावाची एक गोष्टच तयार केली होती: मॅडमच्या भावाचा कॉलेजप्रवेशाचा फॉर्म 'सबमिट' झाला असं दाखवलं होतं आणि प्रत्यक्षात झालाच नव्हता, भावाचं वर्ष गेलं, तेव्हापासून म्हणे. ही गोष्ट इतकी पटण्यासारखी होती की मी एकदा त्यांना विचारलंच.

"मला भाऊ नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही तिघी बहिणी. असं का, तसं का, याला कारण लागतं का रे? मी शाळेत होते तेव्हाही बाई फळ्यावर गणित सोडवायच्या ना, मी वहीत परत सोडवून बघायचे. दोनदा बाई चुकल्या होत्या."

त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर होतं. टेस्टिंगची नोंद ठेवायला कंपनीने चांगलं सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्यात त्या लिहायच्याच, पण वर रजिस्टरमध्येही लिहायच्या. प्रत्येक पानाचं नाव, काय काय करून बघितलं, आणि शेवटी सही. सही झाली की ते पान लोकांसाठी खुलं करायला मोकळीक. सहीसाठी आम्ही त्यांच्यामागे फिरायचो.

एका क्लासच्या वेबसाइटवरून मोठा वाद झाला होता. क्लासच्या मालकाचं म्हणणं, लोक पानावर येतात आणि लगेच मागे जातात, त्यांना थांबवा. आमचे साहेब, नाईक सर, हो म्हणाले. मग आमच्यातल्या एकाने अशी युक्ती केली की बॅक दाबलं तरी तेच पान पुन्हा समोर यायचं. ते मॅडमकडे तपासायला गेलं. त्यांनी मोबाईलवर अकरा वेळा बॅक दाबलं. मोजून. मग उठून सरळ नाईक सरांच्या केबिनमध्ये गेल्या. काचेचं दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"सर, दुकानात शिरलेल्या बाईला काही घ्यायचं नसलं तर तुम्ही शटर ओढून घेता का?"

"मॅडम, सगळेच करतात हे. क्लायंटला हवंय."

"क्लायंटला हवंय म्हणून मी सही करायची? ज्याला बाहेर पडता येत नाही तो घाबरतो. त्याला वाटतं आपला फोन कुणीतरी ताब्यात घेतला. माझी आई फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवेल." मग, "मी सही नाही करणार. तुम्हाला करायची असेल तर करा. पण रजिस्टरमध्ये तुमचं नाव येईल."

नाईक सरांनी सही केली नाही. ती युक्ती काढून टाकली गेली. मॅडम जागेवर येऊन डबा उघडून जेवायला बसल्या. एकच घास मोडला आणि डबा तसाच मिटून ठेवला, ते मी बघितलं. आम्हाला वाटायचं त्यांना भांडायला आवडतं. तसं नसावं.

आता घाटकोपरची गोष्ट.

एका ट्रस्टची उपनगरांत डायलिसिसची तीन-चार केंद्रं होती. मूत्रपिंडं काम करेनाशी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा-तीनदा तिथे जाऊन चार तास मशीनवर झोपावं लागतं. रक्त धुऊन निघतं. एक पाळी चुकली तर अंगात पाणी साचतं. मशिनं थोडी, माणसं जास्त. कुणाला कुठल्या दिवशी कुठली वेळ, हे पूर्वी वहीत लिहायचे. ट्रस्टने आमच्याकडून त्यासाठी वेबसाइट बनवून घेतली. रुग्णाने मोबाईलवर पान उघडायचं, रिकामी वेळ निवडायची, खात्री करायची, हिरवी खूण. काम सोपं होतं. बहुतेक पानं मी लिहिली. मॅडमनी तीन आठवडे तपासली, सह्या केल्या, आणि ते सुरू झालं.

दीड-दोन महिन्यांनी ट्रस्टकडून तक्रार आली. घाटकोपरच्या केंद्रात काही रुग्ण ठरल्या वेळी येत होते आणि त्यांच्या मशीनवर दुसरंच कुणी झोपलेलं असायचं. रुग्ण शपथेवर सांगायचे की आम्ही वेळ घेतली होती. आम्ही नोंदी काढून बघितल्या. प्रत्येक ठिकाणी एकच लिहिलेलं: वेळ घेतली, आणि मिनिटाभरात, 'रुग्णाने वेळ सोडली'. त्यांच्याच खात्यातून. सुटलेली वेळ आपोआप प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाकडे गेलेली.

मग ट्रस्टने स्वतः शोध घेतला तेव्हा एक गोष्ट निघाली. तक्रार करणारे बहुतेक सगळे म्हातारे होते, आणि त्या सगळ्यांची खाती केंद्रातल्या काउंटरवरच्या नीता घाडी नावाच्या बाईंनी उघडून दिली होती. त्यांच्या फोनवर, त्यांच्यासमोर बसून. म्हणजे पासवर्ड नीताबाईंना माहीत असणार. भरीला, सुटलेल्या वेळांपैकी एक त्यांच्याच चाळीतल्या एका बाईंना मिळाली होती. एवढं पुरेसं होतं. नीताबाईंना काउंटरवरून उठवून आत चादरींच्या खोलीत बसवलं आणि चौकशी लावली. त्या काळात दोन पाळ्या चुकलेले एक शिर्के नावाचे काका धाप लागून हॉस्पिटलात दाखल झाले. चार दिवस आयसीयूत होते. त्यानंतर केंद्रातले लोक नीताबाईंशी बोलेनासे झाले.

आमच्या ऑफिसात सुटकेचा श्वास. सॉफ्टवेअर बरोबर होतं, माणूस खोटा निघाला. मीही तसंच म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असेन.

मॅडम नोंदींचे कागद घेऊन बसल्या होत्या. "ही बाई चोर असेलही," त्या म्हणाल्या. "पण चोर दर वेळी मिनिटाभरातच चोरी करतो? रुग्ण घरी बसून वेळ घेतो आणि ही काउंटरवरून बरोबर त्याच मिनिटाला सोडते? हिला कळतं कसं?"

"मॅडम, तुम्हाला सगळ्यातच काहीतरी दिसतं," नाईक सर म्हणाले.

"दिसत नाही म्हणून तर बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि घाटकोपरला गेल्या. हे त्यांनी नंतर मला सांगितलं तसं सांगतो. सकाळी त्या केंद्राच्या बाकावर जाऊन बसल्या, कुणाच्या तरी नातेवाईक असल्यासारख्या. नीता घाडीचा संशय त्यांनाही होताच. त्यांनी कुणालाच सोडलं नव्हतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत नीताबाई बाहेर आल्या, तेव्हा मॅडमनी पत्ता विचारायच्या बहाण्याने त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. बाई रडली नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. फक्त विचारलं, "तुमचं पेशंट कोण?" आणि कुणी नाही म्हटल्यावर, "मग इथे बसू नका, मास्क लावा तरी," असं म्हणून आत गेली.

तिथून मॅडम शिर्के काकांच्या घरी गेल्या. काका नुकतेच हॉस्पिटलातून घरी आले होते. पलंगावर उशीला टेकून बसले होते. काकूंनी दार उघडलं ते अर्धंच.

"ट्रस्टकडून आलात का? सही-बिही काही करणार नाही आम्ही."

"सही नको. काका वेळ कशी घेतात ते मला फक्त बघायचंय. मी काही बोलणार नाही."

बऱ्याच वेळाने काकूंनी आत घेतलं. काकांनी चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. गुरुवारची सकाळची वेळ रिकामी होती. निवडली. 'खात्री करा' दाबलं. हिरवी खूण आली.

"हे बघा. झालं," काका म्हणाले. आणि त्यांनी अंगठ्याने बॅक दाबलं. परत दाबलं. परत. पान मागे मागे जात शेवटी फोनची मूळ स्क्रीन दिसेपर्यंत.

"काका, हे काय केलंत?"

"बंद केलं. उघडं ठेवलं की कुणीतरी आत शिरतं आणि बँकेतलं उचलतं, पेपरात रोज येतं ना. घाडीबाईंनी शिकवलंय. काम झालं की एकेक पान मागे जायचं, पार बाहेर पडेपर्यंत. फार सांभाळून शिकवलं हो तिने. आणि बघा कशी निघाली."

"परत उघडा."

काकांनी परत उघडलं. गुरुवारी त्यांचं नाव नव्हतं. नोंद आली होती: रुग्णाने वेळ सोडली.

काकूंनी तोंडाला पदर लावला. मॅडमनी तिथूनच केंद्रात फोन लावून गुरुवारची ती वेळ काकांच्या नावावर हाताने लिहून घ्यायला लावली, आणि समोरच्या माणसाला लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं. दोनदा.

ऑफिसात आल्यावर त्यांनी आम्हाला सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. त्या सांगत होत्या आणि माझे कान गरम होत होते. कारण चूक कुठे झाली ते मला तेव्हाच कळलं.

मॅडमनी तपासलं तेव्हा मागे गेल्यावर काहीच होत नव्हतं. पान नुसतं दिसायचं. पण सुरू होऊन आठवडा झाला तेव्हा एक वेगळीच अडचण आली होती: कुणी वेळ निवडायचं, खात्री न करताच मागे जायचं, आणि ती वेळ दहा मिनिटं उगाच अडकून राहायची. नाईक सर म्हणाले, लगेच काहीतरी कर. मी चार ओळी लिहिल्या. कुणी बॅक दाबून निवडीच्या पानावर परत आलं की त्याने धरलेली वेळ सोडून द्यायची. खात्री झालेली आहे की नाही, हे विचारणारी ओळ लिहायची राहिली. मॅडमकडे दिलं असतं तर दोन दिवस गेले असते. दिलं नाही. सरांनीही विचारलं नाही.

"माझ्या सहीनंतर या पानाला कुणी हात लावलाय का?" मॅडमनी विचारलं.

नाईक सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तसं काही नाही. बघावं लागेल."

मॅडमनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. माझ्याकडेही. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होतो. त्या उठून गेल्या.

तो दिवस मी काढला. घरी आईने विचारलं, बरं नाही का. दुसरा दिवसही काढला, तिसराही दुपारपर्यंत. दर वेळी ठरवायचो आता सांगू, आणि दर वेळी वाटायचं, मॅडमना कळलेलं आहे आणि त्या मुद्दाम गप्प आहेत. किंवा कळलेलं नाही आणि कधीच कळणार नाही. दोन्हीची भीती वाटत होती. शेवटी त्या जेवून हात धुवायला गेल्या तेव्हा बेसिनपाशी गाठलं.

"मॅडम, ते मी केलंय. चार ओळी. तुम्हाला न दाखवता."

त्यांनी नळ बंद केला. रुमालाने एकेक बोट पुसलं.

"परवाच कागद काढलाय मी. कोणी, कुठल्या दिवशी, किती वाजता बदललं, सगळं त्यात येतं. तुझं नाव आहे."

"मग मीटिंगमध्ये का बोलला नाहीत?"

"तू बोलतोस का ते बघत होते." मग पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, "चल."

"कुठे?"

"मला सांगून काय उपयोग? मी थोडीच चादरी मोजत बसलेय."

मेट्रोने आम्ही घाटकोपरला गेलो. केंद्रातल्या आतल्या खोलीत लोखंडी मांडणीसमोर नीता घाडी चादरींच्या घड्या घालत होत्या. चाळिशीच्या, गळ्यात काळी पोत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मॅडम दाराशीच थांबल्या. मी पुढे गेलो आणि सांगितलं. नीट सांगता आलं नाही, पण सांगितलं: चूक माझी आहे, तुम्ही काही केलेलं नाही, ते लोक मागे जायचे म्हणून वेळ सुटायची.

त्यांचा आधी विश्वासच बसला नाही. माझ्या मागे उभ्या मॅडमकडे बघून त्या म्हणाल्या, "हे मला बोलतं करायला आलेत का?"

"नाही. हा खरं सांगतोय. मी तपासलंय," मॅडम म्हणाल्या.

नीताबाईंच्या हातातली चादर तशीच अर्धी घडी राहिली. "म्हणजे मीच शिकवलं त्यांना ते. मागे जायला."

"तुम्ही बरोबर शिकवलंत," मॅडम म्हणाल्या. "मागे गेल्यावर नुसतं दिसायला पाहिजे. काही व्हायला नको. हे याचं काम होतं."

बाई स्टुलावर बसल्या. "घरी सांगितलेलं नाही मी अजून. रोज तशीच निघते. सासूबाई विचारतात काउंटरवर आज गर्दी होती का, मी सांगते होती." मग एकदम माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, "तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"मग परवा का नाही आलात?"

मी मागे मॅडमकडे बघितलं. त्यांनी मला वाचवलं नाही.

त्या संध्याकाळी मी माझ्या नावाने ट्रस्टला मेल लिहिला. नाईक सर चिडले, मग त्याच मेलखाली दोन ओळी त्यांनीही लिहिल्या, की घाईचं मी सांगितलं होतं. नोकरी गेली नाही. पान दुरुस्त झालं. खात्री झालेली वेळ आता 'रद्द करा' असं स्पष्ट दाबल्याशिवाय आणि पुन्हा एकदा विचारल्याशिवाय सुटत नव्हती. मॅडमनी ते पान साध्या फोनवर, चांगल्या फोनवर, कॉम्प्युटरवर, नेट मध्येच तोडून, मागे-पुढे-मागे असं दोन दिवस तपासलं. नीता घाडींना आठवड्याभरात काउंटरवर परत बसवलं. ट्रस्टच्या एका अधिकाऱ्याने सगळ्या रुग्णांसमोर सांगितलंही की बाईंची चूक नव्हती. शिर्के काकांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. पण काही लोक त्यानंतरही दुसऱ्या काउंटरपाशीच उभे राहायचे, गर्दी असली तरी, हे मी स्वतः बघितलंय. फोन हातात देताना एक आजी पासवर्डवर हात धरायच्या.

मला वाटलं होतं, मी होऊन कबूल केलं, त्यामुळे मॅडम माझ्याशी जरा मऊ होतील. उलट माझी पानं त्या दोनदाऐवजी तीनदा तपासायला लागल्या. एकदा न राहवून मी म्हणालो, "मॅडम, मी तुम्हाला खरं सांगितलं होतं ना?"

"दोन दिवसांनी," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगितलंस म्हणून तपासायचं कमी करू? मग तुला खरं बोलायची किंमत दिल्यासारखं होईल."

त्या काळातच, कसलीशी जुनी नोंद शोधायला त्यांनी मला रजिस्टर आणून दे म्हणून सांगितलं आणि माझ्या हातात ते डायलिसिसच्या पानाशी उघडलं गेलं. तिथे त्यांची सही होती. सहीखाली वेगळ्या शाईने, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सुरू झाल्यावर परत बघितलं नाही. माझी चूक.' माझं नाव कुठेही नव्हतं. मी रजिस्टर मिटलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, कुठलं पान वाचलं असेल ते त्यांना कळलं असावं. मग रजिस्टर ओढून घेऊन त्या जुनी नोंद शोधायला लागल्या.

वर्षभरातच मी ती नोकरी सोडली, मॅडमनीही पुढे गुडघ्यांमुळे रोजचा प्रवास सोडला असं कळलं. फोन व्हायचे, मग कमी झाले. मी आता दोन मित्रांबरोबर छोटं काम करतो. एका शाळेच्या प्रवेशाची वेबसाइट नुकतीच सुरू केली होती तेव्हाची गोष्ट. मुलुंडला एका नातेवाइकांकडे गेलो होतो. बाजारात आंब्याच्या पेट्या घेऊन बसलेल्या माणसासमोर एक बाई उभी, आणि तो माणूस पार रडकुंडीला आलेला.

"मावशी, वरचे बघितले ना, खाली पण तेच आसत. देवगडचो माल आसा, घरचो."

"घरचा आहे तर खालचा थर दाखवायला काय झालं? काढ."

आवाज ऐकूनच ओळखलं. केस पांढरे झाले होते, पायात मोजे आणि जाड सोलचे बूट. खालच्या थरातला एकेक आंबा हातात घेऊन, देठाशी वास घेऊन त्यांनी तीन बदलून घेतले आणि मग मला बघितलं.

"तू? काय करतोस हल्ली?"

मी सांगितलं. शाळेचंही सांगितलं.

"कोण तपासतं?"

"सध्या मीच."

"तूच लिहितोस आणि तूच तपासतोस?"

"मॅडम, माणूस ठेवणार आहोत. जरा कामं येऊ देत."

त्यांनी पेटी पायांच्या मध्ये नीट ठेवली, पर्समधून फोन काढला, चष्मा बदलला. "पत्ता सांग त्या साइटचा. अक्षर अक्षर सांग."

मी सांगितला. त्यांनी टाइप केला. भर उन्हात, हातगाड्या आणि रिक्षांच्या मधे उभ्या राहून त्या एका काल्पनिक मुलाचा प्रवेशाचा फॉर्म भरायला लागल्या. मी दोन मिनिटं शेजारी उभा राहिलो.

"तू जा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "तू समोर असलास की मला नीट बघता येत नाही. काही निघालं तर फोन करीन."

मी निघालो. कोपऱ्यावरून वळताना पाहिलं. आंबेवाला त्यांना सावलीत यायला सांगत होता, त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मान खाली, भुवया जवळ आलेल्या, आणि अंगठा स्क्रीनवर थांबून थांबून चालत होता.